बंदर आधी, रस्ता नंतर

देशातील पहिले स्वतंत्र कंटेनर टर्मिनल १९८३ साली मद्रास बंदरात सुरू झाले, याचा येथील अधिकाऱ्यांना सार्थ अभिमान आहे. मात्र त्या पेट्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरांचा इतिहास कोणी सांगत नाही.

१९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने ५८ पेट्या जहाजावर चढविल्या, तेव्हा त्याची कल्पना साधी होती: माल हलवू नये, पेटीच हलवावी. हमाली वाचली, चोरी घटली. परंतु पेटी मोहोरबंद झाल्यामुळे आत किती वजन आहे आणि ते कसे रचले आहे, हे ट्रेलरच्या चालकाला कळेनासे झाले. एका बाजूला कललेला माल वळणावर ट्रेलर उलटवितो. पेटीचे चार कोपरे ट्विस्ट लॉकने चौकटीला जखडलेले नसतील, तर पेटी एकटीच घसरते आणि शेजारच्या वाहनावर पडते. 'कुलपे उघडी असली म्हणजे पेटी पडली तरी गाडी वाचते,' असा युक्तिवाद काही चालक करतात. गाडी वाचेलही, शेजारच्या दुचाकीस्वाराचे काय?

कायद्याचीही गंमत पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार जादा भार रस्त्यातच उतरवून घ्यावयाचा असतो. काही राज्ये शुल्क घेऊन जादा भाराला मोकळीक देत असत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती प्रथा अवैध ठरविली. निर्णय योग्यच होता. पण सीमाशुल्काची मोहोर असलेली पेटी हमरस्त्यावर उघडणार कोण? हे कलम उघड्या मालाच्या ट्रकसाठी लिहिलेले दिसते. निर्यात पेटीचे प्रमाणित वजन कळविणे २०१६ च्या जुलैपासून जगभर बंधनकारक झाले, तेही जहाजाच्या सुरक्षिततेसाठी. रस्त्याला त्याचा लाभ झाला तो ओघाने.

चालकाच्या थकव्याची कथा निराळी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती; पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा सरसकट लागू नव्हता. एकदोन ट्रेलरांचा मालक त्यातून आपोआप सुटला. बंदराच्या दाराशी रांगेत गेलेले तास खेपेच्या भाड्यात धरले जात नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य खर्च. तो चालक आपल्या झोपेतून भागवितो आणि रात्री महामार्गावर इतरांकडूनही वसूल होतो.

ही रांग तोडण्यासाठी बंदर ते मदुरवायल असा उन्नत मार्ग ठरला. २००९ मध्ये पायाभरणी झाली. कूवम नदीपात्रातील खांबांवरून २०१२ मध्ये राज्य शासनाने काम थांबविले. २०२२ मध्ये, नव्या आराखड्यानुसार, दुसऱ्यांदा पायाभरणी झाली. टर्मिनलला तोवर एकोणचाळीस वर्षे होत आली होती.