कौलाची परंपरा आणि जुने कसबे : बारामती व इंदापूर येथील वास्तुजतनाचा एक विचार

ज्या जुन्या शहरांची लोकवस्ती उतरणीस लागली, त्यांचे पुनरुज्जीवन तेथील ऐतिहासिक वास्तूंच्या जतनातून साधता येईल काय, हा प्रश्न पाश्चात्त्य नगर-अभ्यासकांनी सविस्तर चर्चिलेला आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराची लोकसंख्या १९५० साली नऊ लाखांहून अधिक होती. २०१० च्या शिरगणतीत ती चार लाखांच्याही खाली उतरली. अशा शहरांतील रिकामी घरे पाडून टाकावीत, की ती दुरुस्त करून त्यांत माणसे पुन्हा आणावीत, असा तेथील वाद आहे. हाच प्रश्न आपल्याकडील कसब्यांना लावता येतो काय, आणि लावावयाचा तर कोणत्या रूपाने, याचा विचार पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन गावांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

येथे एक आक्षेप प्रथमच निवारणे इष्ट आहे. बारामती हे काही ओसरणारे गाव नव्हे. २००१ साली तेथील वस्ती ५१ हजारांवर होती, ती २०११ साली ५४,४१५ झाली. इंदापूरची वस्तीही २०११ साली सुमारे २५ हजार होती. तथापि गावाची एकंदर वस्ती वाढणे आणि गावाचा मूळ गाभा नांदता राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कारखाने, वसाहती, शिक्षणसंस्था यांची वाढ मुख्यतः गावठाणाबाहेर झाली; नदीकाठचा जुना कसबा मात्र मागे राहिला. म्हणून ‘ओसरणारे शहर’ आपल्याकडे बहुधा वाढत्या शहराच्या पोटातच दडलेले असते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

१

ओसाड गाव पुन्हा वसविण्याची समस्या या प्रदेशास नवीन नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे मोडत होते. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने आणि त्याच सुमाराच्या लष्करी धामधुमीने हा मुलूख उजाड झाला. त्यानंतर दादोजी कोंडदेवांच्या कारकिर्दीत रयतेस कौल देऊन गावे पुन्हा लावण्यात आली, असे बखरकार सांगतात. बखरीतील तपशील जपूनच घ्यावयास हवा. परंतु कौलाची पद्धती स्वतः निःसंशय होती, हे मराठेशाहीच्या दप्तरांवरून सिद्ध आहे.

या पद्धतीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास पहिल्या वर्षी नाममात्र सारा लावावा, पुढे तो दरसाल थोडा थोडा चढवावा आणि ठराविक मुदतीनंतर पूर्ण दरास पोचवावा, यास ‘इस्तावा’ म्हणत. पेठ वसवावयाची असेल तर शेटे-महाजनांची नेमणूक करून उदमी व कारागीर यांना काही वर्षे जकात व मोहतर्फा माफ करीत. पेशवेकालीन पुण्याच्या अनेक पेठा अशाच रीतीने भरल्या. कौलात तीन गोष्टी एकत्र येत : मुदत ठरलेली, सवलत उतरत जाणारी आणि अट प्रत्यक्ष वहिवाटीची. जो राहील व राबेल त्यासच सूट. जागा अडवून बसणाऱ्यास नाही.

२

बारामतीचे वैभव पेशवाईत आले, ते सावकारीच्या आधारावर. बाबूजी नाईक जोशी यांचे घराणे धनाढ्य होते आणि पेशव्यांचे आप्तही होते. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी नाईक यांस दिलेली होती. पेशवे या घराण्याचे कर्जदार होते. या आप्तसंबंधाने वैर मात्र टळले नाही. १७४० साली बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बाबूजींचे नाव पुढे केले होते. तो डाव साधला नाही व पद नानासाहेबांकडे गेले. अशा घराण्याचा कऱ्हाकाठचा वाडा म्हणजे केवळ निवासस्थान नव्हते. तटबुरुजांचा हा गढीवजा वाडा पेढी, कारभार आणि आश्रय या तिन्हींचे केंद्र होता. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९–१७९४) याच आश्रयाने बारामतीस आले, तेथे त्यांनी पुराण सांगितले आणि आपली बहुतेक काव्यरचना केली. आर्येला मराठीत जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यामागे एका सावकाराची पेढी उभी होती, हे वाङ्मयेतिहासकारांनी विसरू नये.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि या आश्रयाचे मूळच तुटले. अशा स्थितीत वाडा कोसळावयाचा. तो टिकला, कारण तो वापरात राहिला. इंग्रजी अंमलात व पुढे स्वातंत्र्योत्तर काळातही त्यात सरकारी कचेऱ्या नांदल्या. इंदापुरास मालोजीराजे भोसल्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी आहे. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले अशी परंपरा असून त्या घटनेच्या सालाविषयी मतभेद आहेत. त्या गढीच्या आवारातही कचेऱ्या आल्या. दप्तराची ये-जा, पक्षकारांची वर्दळ, अर्जनविसांच्या बैठका यांनी या दोन्ही वास्तू राबत्या ठेविल्या. कचेरीने वास्तूची मोडतोड केली, भिंती घातल्या, रंग फासला, हे खरे. पण तिने छपरही शाकारले. आज ज्यास आपण वारसा म्हणतो तो पुष्कळ अंशी कारकुनांच्या हातून आपल्यापर्यंत पोचला आहे.

३

इंदापूरचे नाव आर्थिक इतिहासात कायमचे नोंदले गेले, ते मात्र गढीमुळे नव्हे. १८३० साली रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे प्रांतात केलेली जमाबंदी येथे लागू झाली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे तिचे सूत्र होते. सूत्र शास्त्रोक्त, पण त्याखालील मोजणी सदोष आणि दर जड. परिणामी जमिनी पडू लागल्या व रयत परागंदा झाली. १८३५ साली गोल्डस्मिडने या दुरवस्थेची दखल घेतली आणि पुढे विंगेट त्यास येऊन मिळाला. या दोघांनी सिद्धान्ताची कास सोडली व मागील अनेक वर्षांची वसुली, पाऊसमान, बाजाराची जवळीक यांवरून दर बसविले. १८३६ पासून ते अमलात आले व तीस वर्षांसाठी कायम राहिले. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीचा हाच पाया. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्यास नियमबद्ध रूप दिले.

पुढील काळात पडीक जमीन भराभर लागवडीस आली. या वाढीचे सर्व श्रेय हलक्या दरास देता येणार नाही. शांतता, नवे रस्ते व वाढती लोकसंख्या यांचाही तीत वाटा होता. परंतु दर हलका आणि मुदत निश्चित, ही कौलाचीच दोन अंगे होत. अधिकाऱ्यांना त्याची जाणीव असो वा नसो, त्यांनी जुनी रीत नव्या कायद्यात उतरविली होती. तिचे तिसरे अंग म्हणजे मुदतीनंतरची चढ. ती पायरीपायरीने व्हावयाची, ती १८६७ च्या फेरजमाबंदीत एकदम झाली. त्याच सुमारास अमेरिकन यादवी युद्ध संपून कापसाचे भाव उतरले होते. कर्जबाजारी रयत आणि सावकार यांच्यातील तणाव वाढत जाऊन १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंगा झाला व तो जिल्हाभर पसरला. दंग्याची कारणे अनेक होती आणि त्यांविषयीचा वाद मिटलेला नाही; तथापि सवलत काढून घेण्याची रीत ही सवलत देण्याच्या रीतीइतकीच महत्त्वाची असते, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

४

यानंतर या प्रदेशाचे पुनरुज्जीवन झाले ते पाण्याने. १८७६ च्या दुष्काळी कामांतून आकारास आलेला नीरा डावा कालवा, भाटघरचे धरण, त्यावरील ऊस, १९१४ साली सुरू झालेला दौंड–बारामती लोहमार्ग, वालचंदनगर व त्यानंतरचे सहकारी साखर कारखाने, हा क्रम सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, संपत्तीच्या या प्रत्येक लाटेने नवे केंद्र कसब्याबाहेर निर्माण केले. पेशवाईत संपत्ती वाड्याभोवती जमत होती. विसाव्या शतकात ती कालव्याकाठी, कारखान्यावर आणि स्टेशनरस्त्यावर जमू लागली. गाव श्रीमंत झाले आणि पेठ मागे पडली, या वरवर विसंगत दिसणाऱ्या घटनेचे कारण हे आहे.

पाण्याने काही ठिकाणी वस्तीच हलविली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने गाव गेले; लोक वर सरकले आणि पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाण्यात राहिले. पाणी ओसरले की ते उघडे पडते, आणि पाहण्यास लोक लोटतात. दगड शाबूत आहे, पण त्याभोवती गाव नाही. केवळ वास्तू टिकविल्याने वस्ती टिकत नाही, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण. याच्या उलट टोकास आषाढी वारी आहे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मुक्कामांनी सराटीकडे जाते; बेलवाडीस व इंदापुरास रिंगण होते. हा वारसा कोणत्याही संरक्षित यादीत असो वा नसो, दरसाल लाखो पायांनी तो राखला जातो.

५

आता प्रचलित धोरणाकडे वळू. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक अधिनियम हा स्वभावतःच एकेका स्मारकाचा विचार करतो. २००७ पासूनची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना स्मारकाचे संगोपन संस्थांकडे सोपविते. तिचाही विषय स्मारक हाच. बारामतीस अलीकडे नाईकांच्या वाड्याची दुरुस्ती व कऱ्हाकाठची सुधारणा हाती घेण्यात आली. इंदापुरासही गढीच्या जतनाची मागणी सातत्याने होत आहे. ही कामे स्वागतार्ह आहेत यात संशय नाही. परंतु वाड्याभोवतीच्या आळीतील साधी माळवदी घरे कोणत्याही यादीत बसत नाहीत. भाऊबंदांत वाटणी न झालेली मालकी, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून गोठत आलेली भाडी, दुरुस्तीस न परवडणारे लाकूड आणि गवंडीकाम यांमुळे अशी घरे हळूहळू पडतात. त्यांच्या जागी काय उभे राहते हे कोणत्याही जुन्या पेठेत पाहावयास मिळते. चहूबाजूंची घरे गेल्यानंतर एकटा उरलेला वाडा हा नगराचा अवशेष असेल. त्यास नगर म्हणता येणार नाही.

पाश्चात्त्यांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. इटलीतील बोलोन्या नगराने १९७३ च्या योजनेत सार्वजनिक गृहनिर्मितीचा पैसा जुन्या आळ्यांतील घरांच्या दुरुस्तीकडे वळविला, आणि मूळ रहिवासी तेथेच राहावेत हे उद्दिष्ट मानले. अमेरिकेत १९७६ पासून जुन्या इमारतींच्या नूतनीकरणास करसवलत मिळू लागली. १९८६ च्या कायद्याने ती मान्य खर्चाच्या वीस टक्के ठरली. मात्र ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींपुरती आहे. मालक स्वतः राहतो ते घर तीत येत नाही. कौलाच्या कसोटीवर हा दोष गंभीर होय, कारण कौलाचा मूळ आधार वहिवाटदार होता.

यास्तव जतनाने जुना कसबा नांदता करावयाचा असेल, तर ते कौलाच्या रूपाने व्हावयास हवे, असा प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय आहे. प्रथम स्मारकांच्या यादीबरोबर गावठाणातील घरांची यादी व्हावी. ऐतिहासिक महत्त्वाच्या जागांच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करण्यास १९६६ चा नगररचना अधिनियम वाव देतो. दुसरे, जो मालक वा भाडेकरू घर दुरुस्त करून त्यात राहील किंवा धंदा करील, त्यास घरपट्टीत उतरती सूट मिळावी. ती ठराविक वर्षांची असावी आणि पायरीपायरीनेच संपावी. तिसरे, दुरुस्त वाड्यात व गढीत रोजचे काम असावे. ग्रंथालय, नोंदणी कचेरी, दप्तरखाना, वर्ग, काहीही चालेल; कुलूप मात्र नसावे.

कौलाचा गैरवापर होत नसे असे नाही. सवलतीचा लाभ पाटील व वजनदार कुळेच अधिक घेत, हेही दप्तरांतून दिसते; आजही ते भय आहेच. परंतु मुदत, उतरती सूट आणि वहिवाट या तीन अटी कसोशीने पाळल्यास ते पुष्कळ अंशी आवरता येईल. प्रिंगलचे सूत्र रयतेची स्थिती न पाहता बसविले गेले म्हणून जमिनी ओस पडल्या. रहिवाशांचा विचार न करता वास्तूंवर बसविलेले जतनाचे सूत्रही आळ्या ओस पाडील. इंदापूरच्या मोजणीचा हा धडा पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, आणि तो याच मातीतला आहे.