सतरावा क्रमांक

आपल्या सहलीचा एक जुना फोटो मध्यंतरी ग्रुपवर फिरत होता. मागे म्हातारीचा बूट, पुढे दोन वेण्या घातलेल्या आम्ही आणि डबा उघडण्याच्या घाईत असलेली मुलं. त्या दिवशी रस्ता ओलांडून आपण हँगिंग गार्डनमध्येही गेलो होतो. त्या बागेचं नाव सर फिरोजशहा मेहता उद्यान आहे, हे मला कळलं तेव्हा चाळिशी उलटली होती. इतिहासाच्या बाईंनी सांगितलं असेलही. पण परीक्षेपुरते मेहता म्हणजे ‘मवाळ नेते, सुरत १९०७’, दोन गुणांचं उत्तर.

व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाली. इतिहासाकडे वळले ते एका साध्या प्रश्नामुळे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. आमच्या सोसायटीच्या सभेत एका काकांनी विचारलं, “नगरसेवक नाही, मग आता पत्र कुणाच्या नावाने लिहायचं?” उत्तर शोधत मी १८८८च्या पालिका कायद्यापर्यंत पोचले आणि तिथे फिरोजशहा भेटले.

गोष्ट सुरू होते १८७१ मध्ये. तेव्हा शहराचा कारभार कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होता. मार्केटला नाव मिळालं तेच हे क्रॉफर्ड. (पुढे १८८८ मध्ये पुण्याकडच्या मामलेदारांच्या लाचप्रकरणात गाजले तेही हेच.) त्यांनी कामं भरपूर केली आणि पैसाही पाण्यासारखा ओतला. करदाते खवळले. कमिशनरचे अधिकार काढून घ्या, अशी मागणी जोरात होती. अशा वेळी सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी सभागृहात उभा राहिला आणि त्याने उलटंच सांगितलं. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, दोष तिथे नाही. त्याच्यावर नजर ठेवायला करदात्यांनी निवडलेलं सभागृह नाही, हा खरा दोष आहे. श्रोत्यांना हे मुळीच रुचलं नाही.

पण झालं बरंचसं तसंच. १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८चा कायदा घडवताना कायदेमंडळात मेहता स्वतः होते, सोबत काशिनाथ त्र्यंबक तेलंग. काम चालवणार कमिशनर, पैसा मंजूर करणार सभागृह आणि मध्ये स्थायी समिती. आमच्या धंद्यात ‘कुणाला कशाची परवानगी’ याचा तक्ता आधी करतात, तसाच हा तक्ता. तो इतका टिकला की आजही मुंबईचा कारभार त्याच कायद्याने चालतो.

मेहता पालिकेत जवळजवळ चार दशकं होते आणि चार वेळा अध्यक्ष झाले. आकडे पाठ, नियम पाठ, आणि आवाज असा की विरोधकही गप्प बसत. ‘मुंबईचा सिंह’ म्हणत त्यांना. सभागृहावर त्यांची पकड इतकी होती की ‘एका माणसाची पालिका’ ही तक्रार होऊ लागली. मला त्या तक्रारीत थोडं तथ्य वाटतं. मतदारही कर भरणारेच होते. गिरण्यांत राबणाऱ्या मुंबईला त्या यादीत जागा नव्हती, आणि मेहतांना ते फार खुपल्याचंही दिसत नाही.

१९०७ साली काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना पाडायचं ठरवलं. पुढाकार अकाउंटंट जनरल हॅरिसन यांचा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांच्या बाजूचे. ७२ जणांच्या सभागृहात १६ जागा ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमलेले प्रतिष्ठित लोक निवडून देत आणि मेहता तिथूनच उभे होते. या गटाने, लोक त्याला ‘कॉकस’ म्हणत, आपली १६ नावांची यादी काढली आणि तिच्यामागे मतं उभी केली. मोजणी झाली तेव्हा मेहता सतरावे होते. जिचा कायदा घडवला, जिचं अध्यक्षपद दोनच वर्षांपूर्वी भूषवलं, त्याच पालिकेतून ते बाहेर.

शहर संतापलं, निषेधाच्या सभा झाल्या. पण त्यांना परत आणलं ते नियमाने. निवडून आलेल्या सोळांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि पुढचा क्रमांक मेहतांचा होता. सतरावे आले ते सोळावे होऊन सभागृहात बसले आणि त्यानंतर पुन्हा एकदा अध्यक्षही झाले. १९१५ मध्ये ते वारले.

आपल्या वर्गापुरती एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेच्या गळ्यात का, यावर मेहता वर्षानुवर्षं भांडले. अखेर १९०७च्या एका कायद्याने पोलिसखर्च सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार पालिकेकडे आला. आपल्यापैकी बरेच जण पाचवीत या शाळेत आलो ते पालिकेच्या शाळांतून. माझी पाटी, दुपारची घंटा, पाढे म्हणवून घेणारे गुरुजी, सगळं तिथलंच. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचा पहिला खर्च कुठल्या खात्यातून झाला, ते आता मला माहीत आहे.

काकांना मी तेव्हा सांगितलं की पत्र आयुक्तांच्या नावाने लिहा, मेहतांनी काम करायची जबाबदारी त्यांच्याकडेच दिली होती. “आणि त्यांना जाब कोण विचारणार?” काका म्हणाले. ते १८७१चंच भाषण करत होते, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं.

संमेलनाला येताना सीएसएमटीला उतरलात, तर समोर पालिकेच्या इमारतीपुढे उभा असलेला ब्राँझचा पुतळा त्यांचाच आहे.