यतीम, पनाह आणि गवाही

उर्दूत 'यतीम' हा शब्द आपण पोरक्या मुलासाठी वापरतो. पण या अरबी शब्दाच्या मुळाशी 'एकटा पडलेला' असा अर्थ आहे. म्हणूनच शिंपल्यात एकट्याच सापडणाऱ्या अनमोल मोत्याला 'दुर्र-ए-यतीम' म्हणतात. आईवडील हयात असूनही एखादे मूल असे एकटे पडू शकते. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच माणसाने अत्याचार केला आणि ते सांगायला गेल्यावर ऐकून घेणारे कोणी भेटले नाही, तर ते मूल यतीमच म्हणायचे. अशा मुलांना आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, धर्माने काय दिले आणि कायद्याने काय दिले, याचा थोडा इतिहास येथे मांडायचा आहे.

सुरुवात आपल्या घरापासून करू. सूरह निसाच्या आरंभीच यतीम मुलांच्या मालमत्तेला हात लावू नका, असा कडक हुकूम आहे. त्याच सूरहमध्ये पुढे आणखी एक हुकूम येतो : गवाही द्यावी ती न्यायासाठी, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. एकाच सूरहमध्ये यतीमचा सांभाळ आणि सत्याची गवाही या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. पहिला हुकूम आपण बऱ्यापैकी पाळला. गावोगावी यतीमखाने काढले, रमजानमध्ये त्यांच्यासाठी झोळ्या फिरवल्या. दुसरा हुकूम मात्र खानदानाच्या इज्जतीखाली दडपला गेला.

वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्याकडून आलेली एक रिवायत तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. नमाजसाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत जबरदस्ती झाली. तिने आरडाओरड केली, लोक धावले आणि प्रकरण प्रेषितांपुढे (स.) आले. प्रेषितांनी तिच्यावर कोणताही ठपका ठेवला नाही. ती एवढ्या पहाटे बाहेर का पडली, असे विचारले नाही, चार साक्षीदारही मागितले नाहीत. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्येही जबरदस्ती झालेल्या स्त्रीला शिक्षा नाही आणि गुन्हेगाराने तिला महरइतकी भरपाई द्यावी, असा नियम नोंदवला आहे. पुढच्या काळात याच्या उलटही घडले. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशानंतर १९८३ मध्ये सफिया बीबी या अंध मुलीच्या गरोदरपणालाच तिच्याविरुद्धचा पुरावा मानून खालच्या कोर्टाने तिला शिक्षा सुनावली. फेडरल शरीयत कोर्टाला ती रद्द करावी लागली. शरीयतच्या नावाने शरीयतचा मूळ हेतू हरवतो तो असा.

आता महाराष्ट्राकडे वळू. अत्याचारात सापडलेल्या मुलींना आसरा देण्याचे आपल्याकडचे सुरुवातीचे मोठे काम पुण्याचे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. कोवळ्या वयात विधवा झालेल्या आणि घरातल्याच पुरुषांच्या वासनेला बळी पडलेल्या मुलींना तेथे गुपचूप बाळंत होता येई. त्या काळी अशा मुलीपुढे विहीर नाहीतर काळे पाणी एवढेच मार्ग होते. फसवणारा पुरुष मात्र उजळ माथ्याने फिरत असे. फुले दांपत्याने मुलीला 'तू कोणाची' असे विचारले नाही, हे त्या कामाचे मोठेपण होते.

दुसरे काम पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. नागपूर त्या प्रांताची राजधानी आणि आपले काटोल ही नागपूर जिल्ह्यातली तहसील, म्हणजे ही गोष्ट आपल्याच मुलखाची. आईवडील उपासमारीने गेलेल्या मुली सरकारी अन्नछत्रांत आणि दुष्काळी कामांवर येत. तेथे त्यांना फूस लावून विकणारे दलाल टपलेले असत. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळानेच नेले होते. त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि शेकडो मुलींना घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. अत्याचार झालेल्या, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी तेथेच 'कृपासदन' हा वेगळा विभाग निघाला.

पण रमाबाई केवळ आसरा देऊन थांबल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. तेव्हा सरकारी प्लेग व्यवस्थेत तरुण मुलींची अब्रू सुरक्षित नाही आणि आपल्या आश्रमातल्याच एका मुलीला तेथे वाईट अनुभव आला, असे त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. रमाबाईंचे म्हणणे कागदोपत्री खोटे ठरले, तरी एका अनाथ मुलीसाठी त्यांनी राज्यसत्तेविरुद्ध गवाही दिली, हे विसरता येत नाही.

या कामाला दुसरी बाजूही आहे. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनातील मुली ख्रिस्ती होत आहेत, असे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे मुक्ती सदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दुखावलेले मूल ज्याच्या दाराशी येते त्याच्या हाती त्याचे सर्वस्व असते. तेथे आसऱ्याच्या बदल्यात ईमान मागितले जाते का, हा प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घराचे दार त्या मुलींसाठी उघडले होते? ज्यांनी उघडले, त्या धोंडो केशव कर्व्यांसारख्यांचे अनाथ बालिकाश्रम इतिहासात उरले. नुसता निषेध करणारे विस्मरणात गेले.

कायद्याची वाट याहून संथ होती. १८६० च्या दंडविधानात मुलीच्या संमतीचे वय अवघे १० वर्षे होते. कलकत्त्याच्या फुलमणी दासी या बालिकेचा पतीच्या जबरदस्तीने मृत्यू झाला आणि देश हादरला. १८९१ मध्ये ते वय १२ झाले. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले. 'धर्मात ढवळाढवळ' हा आक्षेप तेव्हा हिंदू सनातन्यांनी घेतला, तसा काही मुस्लिम पुढाऱ्यांनीही घेतला. पण त्याच कायद्याला बॅरिस्टर जिना यांनी पाठिंबा दिला आणि अब्बास तय्यबजींच्या कन्या बेगम शरीफा हमीद अली यांनी त्याचा हिरिरीने प्रचार केला. याच बेगम १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक आयोगाच्या पहिल्या सदस्यांपैकी एक होत्या. आपल्या मुलींना त्यांचे नाव ठाऊक असायला हवे.

धर्म आणि कायदा हातात हात घालून चालले, असे एक उदाहरण १९३९ चे आहे. हनफी फिकहमध्ये अल्पवयीन मुलीचा निकाह वडिलांनी किंवा आजोबांनी लावला असेल, तर तो नाकारण्याचा अधिकार, म्हणजे 'खियार-उल-बुलूग', तिला साधारणपणे मिळत नसे. छळात अडकलेल्या स्त्रियांना सुटका नव्हती. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी फिकहचा आधार घेऊन वाट दाखवली. पुढे मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. १५ वर्षांच्या आत वडिलांनी लावलेला निकाहही, संबंध आलेला नसेल तर, १८ व्या वर्षाआधी मुलगी नाकारू शकेल, असे त्यात आले. उलेमांनी मनावर घेतले तर फिकहमधूनच मुलीसाठी दार उघडते, याचा हा पुरावा आहे.

स्वातंत्र्यानंतरची सर्वांत मोठी लढाई आपल्या विदर्भातून सुरू झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान. आईवडील लहानपणीच वारलेले, भावाकडे राहून मजुरी करणारी. शब्दाच्या प्रत्येक अर्थाने यतीम. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट सांगून दोघांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरड नव्हती, म्हणून तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

१९७८ मध्येच हैदराबादला रमीझा बी प्रकरण घडले. पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला आणि तिचा पती अहमद हुसेन मारहाणीत मेला. न्या. मुक्तदर आयोगापुढे पोलिसांच्या बाजूने खल झाला तो तिच्या चारित्र्याचा आणि तिचा निकाह खरा की खोटा याचा. आयोगाने पोलिसांना दोषी धरले, तरी पुढे खटल्यात ते सुटले. निकाहसारखी पाक गोष्ट पीडितेविरुद्ध वापरली जाते, तेव्हा निषेधाचा पहिला आवाज मशिदीतून उठायला हवा.

या आंदोलनांतून १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात संमतीविषयी स्त्रीचा शब्द ग्राह्य धरण्याची तरतूद झाली. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू झाला. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, कोर्टात आरोपी समोर दिसू नये, मुलाला पुन्हा पुन्हा बोलावू नये, असे त्यात आहे. तरी कायद्याचा अर्थ लावणारी माणसेच असतात. ज्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये मथुरेचे मौन समजून घेतले, त्याच खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्वचेला त्वचेचा स्पर्श नसल्याने एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात पोक्सोचे कलम लागत नाही, असे ठरवले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. यावेळी वरच्या कोर्टाने मुलीचे ऐकले.

मग आपण काय करायचे? पोक्सोच्या १९ व्या कलमानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. यातून आम्ही शिक्षक सुटत नाही, मदरशाचे उस्ताद सुटत नाहीत आणि यतीमखान्याचे विश्वस्तही नाहीत. जमातीत बसून 'सुलह' करणे, पैसे घेऊन मिटवणे किंवा त्याच माणसाशी निकाह लावून देणे, या कशालाही कायद्यात जागा नाही. शरीयतमध्येही वलीचा अधिकार मुलाच्या भल्यापुरता असतो. मुलाचे दुःख विकायचा अधिकार त्याला नसतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांच्या प्रत्येक निवासी संस्थेची नोंदणी सक्तीची केली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण करण्याचा आदेश दिला. काही यतीमखान्यांना हा हस्तक्षेप वाटला. पण प्लेगच्या काळात रमाबाईंनी सरकारकडे जो हिशेब मागितला, तोच समाजाने आपल्याकडे मागितला तर राग कशाला?

काटोलसारख्या तालुक्याच्या गावात अडचणी साध्या असतात. बाल कल्याण समिती नागपूरला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नागपूरला. संत्र्याच्या बागेत रोजीने जाणाऱ्या आईला प्रत्येक खेपेला मजुरी बुडवावी लागते. स्त्रिया आणि मुलांना सरकारी वकिली मदत मोफत आहे, राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे, १०९८ हा क्रमांक आहे. पण हे तिला सांगणार कोण आणि तिच्याबरोबर जाणार कोण? गरीब घरातल्या अशा मुलीच्या येण्याजाण्याला, औषधाला, शाळेच्या फीला जकात आणि सदका उपयोगी पडू शकतो. जमातीतल्या दोन शिकलेल्या बायका तिच्या आईबरोबर कोर्टाच्या बाकावर बसू शकतात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

पनाह देण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. तिला गवाहीची जोड मिळाली, तर सूरह निसाचे दोन्ही हुकूम पाळले गेले, असे म्हणता येईल.