टाका, डागडुजी आणि बिगार

भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जिगचा, म्हणजे पार्ट जागेवर धरणाऱ्या चौकटीचा, पाय निखळला होता. वेल्डरने तोंडासमोर काच धरली आणि हेल्परला म्हणाला, "हलवू नको रे, आधी दोन टाके मारून घेतो." चर्र चर्र असे दोन ठिपके पडले, पाय जागेवर राहिला, मग गुण्या लावून काटकोन बघितला आणि त्यानंतरच पूर्ण वेल्डिंग झालं.

इंग्रजी ‘टॅक’चा त्याच्या तोंडी टाका झालाय, असं मला आधी वाटलं. पण इंग्रजीतही टॅक म्हणजे शिंप्याचा कच्चा टाकाच की! कापड जागेवर राहावं म्हणून घालायचा आणि पक्की शिलाई झाली की उसवायचा. म्हणजे वेल्डरने शब्द बिघडवला नव्हता, त्याच्या घरी नेऊन पोचवला होता.

दुरुस्तीच्या भाषेत सुई अशी जागोजागी सापडते. आपली ‘डागडुजी’ घ्या. जुनं रूप डागडोजी. यातली ‘दोजी’ फारसी, शिवणे या अर्थाची. जरदोजीत जरीचं शिवणकाम आहे, ते याच ‘दोजी’मुळे. आज आपण किल्ल्याच्या तटाची, पुलाची, कंपनीच्या छपराची डागडुजी करतो. चिरा आणि चुना हातात असतो, शब्दात मात्र सुईदोरा.

इंग्रजांकडेही हेच झालं, फक्त शेवट वाईट झाला. त्यांचा ‘बॉच’ हा शब्द मुळात ठिगळ लावणे, दुरुस्त करणे अशा अर्थाचा. जुने कपडे नीट करून देणारा तो ‘बॉचर’. पुढे त्याच शब्दाचा अर्थ काम बिघडवणे असा झाला. त्याचंच बोलीतलं भावंड ‘बॉज’, म्हणजे कसंतरी जोडजाड करून भागवलेलं काम. चिल्टर्न टेकड्यांत बीच झाडांच्या रानात बसून खुर्च्यांचे पाय कातणाऱ्या कारागिरांना ‘बॉजर’ म्हणत. ते सुबक काम करणारे लोक, तरी शब्दाचा ठपका त्यांच्यावरही येतो. चपला शिवणाऱ्या ‘कॉबलर’चंही तेच. त्याच्या नावाशी नातं असलेलं ‘कॉबल’ हे क्रियापद घाईघाईने काहीतरी जुळवणे या अर्थाने वापरतात. तिकडे दुरुस्ती करणाऱ्या हाताची पत शब्दांनीच घालवली.

मराठीत डागडुजीची पत गेली नाही. मग वाईट कामाचे आपले शब्द आले कुठून? ओबडधोबड, थातुरमातुर हे नुसते नादाचे म्हणून सोडून देऊ. एक शब्द मात्र मुळाशी नेतो. मन नसताना कोणी काम उरकत असेल, तर जुनी माणसं म्हणतात, "बिगार टाळल्यासारखं काय करतोस?"

बिगार म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेलं काम. हा शब्द फारसी. आपला ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आला, आणि ही विष्टि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. दोन्ही जोडून वेठबिगार, जसं धनदौलत किंवा कागदपत्र: अर्थ एकच, वंश दोन. सत्ता बदलल्या तसे शब्द बदलले, राबणारा तोच राहिला. भारतीय संविधानाच्या 23व्या अनुच्छेदाने बिगारीला मनाई केली तेव्हा इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच शब्द ठेवला गेला. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा त्यानंतर 1976 साली झाला. हल्ली ‘वेठीस धरणे’ बातम्यांत संप करणाऱ्यांच्या माथी मारतात. वेठ ज्याच्याकडून घेतली जायची त्यालाच आता ती घेणारा ठरवलंय, ही मला भाषेची जरा क्रूर थट्टा वाटते.

‘पाट्या टाकणे’ त्याच गावचं. मातीची पाटी उचलायची, नेऊन ओतायची, परत यायचं. भिंत कुठली, रस्ता कुणाचा, याच्याशी पाटीवाल्याचा संबंध नाही. इंग्रजीचा राग हातावर आहे: याला जमत नाही. मराठीचा रोख दुसरीकडे आहे: जमतं, पण याने जीव कशासाठी ओतावा?

चाकणच्या बांधकामांवर अकुशल मजूर अजून ‘बिगारी’च आहे. रोज घेतो, तरी नाव बिनपगारी. तोच माणूस कंपनीच्या गेटातून आत गेला की ‘हेल्पर’ होतो. आत आणखी एक शब्द त्याची वाट बघत असतो: पोका-योके. चूक होऊच नये अशी रचना. पार्ट उलटा बसू नये म्हणून फिक्स्चरला ठोकलेली एखादी पिन, बस इतकंच. जपानी अभियंते शिगेओ शिंगो याला आधी ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. 1963 साली एका कारखान्यातली कामगार बाई हे ऐकून रडली, मी काय मूर्ख आहे का म्हणून. शिंगोंनी ‘बाका’ काढून ‘पोका’ घातलं, म्हणजे अनवधानाने झालेली चूक. एका अक्षरात ठपका माणसावरून चुकीवर गेला.

भोसरीच्या त्या शेडमध्येही भिंतीवर पोका-योकेचा तक्ता होता, तेलकट बोटांचे ठसे उमटलेला. वेल्डरने जिगच्या पायावर ग्राइंडर फिरवला. दोन टाके कुठे होते ते दिसेनासं झालं. मग हेल्परकडे काच देत म्हणाला, "पुढचा टाका तू मार."