पाठीवरचे बाळ

माझी भाची अमेरिकेत, कोलोरॅडोत असते. तिचे बाळ सात महिन्यांचे झाले आणि आता नवरा-बायकोला त्याला पाठीवर घेऊन डोंगर हिंडायचे वेध लागले आहेत. बाळ बसवायच्या पाठपिशव्या इतक्या प्रकारच्या की तिला निवड सुचेना. फोनवर म्हणाली, "मावशी, तूच सांग."

मी पडले इतिहासाची बाई. दुकानातले मला काय कळणार? पण पाठीवर मूल घेऊन हजारो मैल गेलेली एक बाई मला ठाऊक आहे. तिचे नाव सॅकागविया.

ही शोशोनी जमातीची, जेमतेम सोळा-सतरा वर्षांची मुलगी. 11 फेब्रुवारी 1805 ला तिला मुलगा झाला. बाळ दोन महिन्यांचे व्हायच्या आत, 7 एप्रिलला, लुईस आणि क्लार्क यांची मोहीम पॅसिफिक महासागराकडे निघाली. तिचा नवरा शार्बोनो मोहिमेत दुभाषा होता. तीही दुभाषेपण करी. ऑगस्ट 1806 मध्ये ती परत आली तेव्हा मूल दीड वर्षाचे झाले होते. पाठीवर दामोदरला बांधलेली झाशीची राणी आपण लहानपणापासून चित्रांत पाहतो. हा प्रवास सोळा महिन्यांचा होता!

29 जून 1805 ला मिसुरी नदीच्या धबधब्यांजवळ ढगफुटी झाली. घळीत आडोशाला उभी असताना एकाएकी लोंढा आला. माय-लेक वाचले, बाळाचे कपडे आणि अंथरूण मात्र वाहून गेले. उघडे मूल गारठेल म्हणून क्लार्कने सगळ्यांना तळाकडे पळतच नेले.

भाचीला मी पहिली गोष्ट सांगितली ती इथलीच. चालणारा घामाघूम होतो, पण पाठीवरचे मूल हालचाल न करता बसलेले असते. त्याला थंडी आधी वाजते आणि ऊनही तेच जास्त खाते. तेव्हा वर छत्री असलेली पिशवी घे, आणि बाळाचे जादा कपडे हाताशी ठेव.

दुसरी गोष्ट वयाची. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅन मूर नावाची अमेरिकन परिचारिका आफ्रिकेत टोगोला गेली होती. तिथल्या आया कापडाने मूल अंगाशी बांधतात आणि मुले शांत राहतात, हे तिने पाहिले. कोलोरॅडोत परतल्यावर तिने आपल्या आईकडून तशी झोळी शिवून घेतली. तीच पुढे 'स्नगली' म्हणून गाजली. 1969 मध्ये पेटंट मिळाले. तान्ह्याला अशी अंगालगतची झोळीच बरी. सांगाड्याच्या पिशवीत मूल आधाराशिवाय बसू लागल्यावरच ठेवायचे. अमेरिकेने 2015 मध्ये त्यासाठी सक्तीचे नियम केले. त्यांत मुलाचे वजन 16 ते 50 पौंड, म्हणजे साधारण 7 ते 23 किलो धरले आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वजन खांद्यांवर नव्हे, कमरेच्या पट्ट्यावर यायला हवे. त्यासाठी पाठीच्या लांबीप्रमाणे पट्टे खालीवर करता येणारी पिशवी घ्यावी, आणि दुकानात वजन भरून दोघांनीही घालून पाहावी. दोघांनीही!

कारण मोहीम संपल्यावर शार्बोनोला पाचशे डॉलर आणि जमीन मिळाली. सॅकागवियाला काहीच मिळाले नाही. टोगोच्या त्या आयांची नावेही कुठे नोंदलेली नाहीत. 2000 साली अमेरिकेने डॉलरच्या नाण्यावर सॅकागविया कोरली, पाठीवर बाळ घेतलेली. पण सन्मान पोचायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

मूल वाहणे हे कष्टाचे काम आहे, पण आईने केले की ते कुणी मोजत नाही. म्हणून नव्या आईबापांना एवढेच सांगणे: पिशवी कितीही महागाची असो, ती बाबाच्या पाठीलाही नीट बसते ना, ते आधी पाहा. आणि चढावर अधूनमधून अदलाबदल करा.