विकेंद्रित समाजमाध्यमे

विकेंद्रित समाजमाध्यमे : कोणत्याही एका संस्थेच्या मालकीची नसलेली, तरीही परस्परांशी संदेशांची देवघेव करणाऱ्या स्वतंत्र केंद्रांची मिळून बनलेली समाजमाध्यमे. प्रत्येक केंद्र म्हणजे सर्व्हर या नावाने ओळखला जाणारा, सेवा पुरविणारा संगणक होय. त्याचा चालक, खर्च व वर्तनाचे नियम इतरांहून वेगळे असू शकतात. या केंद्रांना एकत्र बांधते ती सर्वांनी मान्य केलेली नियमावली. संदेश कोणत्या रूपात लिहावा, कोणत्या पत्त्यावर पाठवावा आणि पाठविणाऱ्याची ओळख कशी पटवावी हे ठरविणाऱ्या नियमांच्या संचास प्रोटोकॉल म्हणतात. ज्याचा तपशील प्रसिद्ध झालेला आहे व जो परवानगीवाचून कोणासही वापरता येतो, तो मुक्त प्रोटोकॉल होय.

या व्यवस्थेमागील तत्त्व संगणकाहून जुने आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ राष्ट्रांनी करार करून टपाल संघ स्थापन केला. १८७८ मध्ये त्यास जागतिक टपाल संघ हे नाव मिळाले. भारत १८७६ मध्ये त्याचा सदस्य झाला. प्रत्येक देशाचे टपालखाते व तिकिटे वेगळीच राहिली; परंतु एका देशात टाकलेले पत्र दुसऱ्या देशात पोहोचविण्याचे नियम समान झाले. स्वायत्त घटकांनी विलीन न होता सहकार्य करावे, हेच तत्त्व विकेंद्रित समाजमाध्यमांत दिसून येते.

पूर्वपीठिका : अमेरिकन संगणकतज्ञ रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस पत्र पाठविण्याची सोय केली आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह योजिले. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपालवहनाच्या साध्या प्रोटोकॉलचा तपशील प्रसिद्ध केला. ई-मेलची सेवा देणाऱ्या संस्था असंख्य असूनही पत्रे सर्वत्र पोहोचतात, ती या समान नियमांमुळे. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना मांडली व १९८० मध्ये ती प्रत्यक्षात आली. तीत मध्यवर्ती संगणक नव्हता. प्रत्येक संगणक आपल्याकडील लेख शेजारच्या संगणकास देई आणि अशा रीतीने चर्चा दूरवर पसरत.

२००४ मध्ये फेसबुक व २००६ मध्ये ट्विटर सुरू झाल्यानंतर समाजमाध्यमांचा विकास याच्या उलट दिशेने झाला. वापरास सोपी, विनामूल्य व जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी ही माध्यमे लवकरच लोकप्रिय झाली. मात्र एका माध्यमाच्या सदस्यास दुसऱ्या माध्यमाच्या सदस्याशी तेथूनच संपर्क साधता येत नसे. माध्यम सोडणे म्हणजे तेथे जोडलेली माणसे सोडणे, असा त्याचा अर्थ झाला.

मुक्त प्रोटोकॉल स्वीकारला म्हणजे खुलेपणा कायम राहतोच, असेही नाही. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या जॅबर या संदेशप्रणालीतून एक्सएमपीपी हा प्रोटोकॉल विकसित झाला व २००४ मध्ये त्यास इंटरनेटच्या मानकांत स्थान मिळाले. गूगलने २००५ मध्ये आपली टॉक ही सेवा याच प्रोटोकॉलवर उभारली आणि २००६ मध्ये ती इतर केंद्रांशी जोडली. २०१३ मध्ये मात्र तिच्या जागी आणलेल्या हँगआउट्स या सेवेत इतर केंद्रांशी असलेली ही जोडणी ठेवण्यात आली नाही. प्रोटोकॉल अबाधित राहिला. परंतु त्याच्या आधारे जोडली गेलेली माणसे दुरावली. मोठ्या केंद्राचा प्रवेश जितका लाभदायक, तितकेच त्याचे निर्गमन हानिकारक ठरते, हे या अनुभवावरून स्पष्ट झाले.

विकास : कॅनडातील माँट्रिऑल येथे इव्हान प्रोड्रोमू यांनी २००८ मध्ये आयडेंटिका ही लघुसंदेशांची सेवा सुरू केली. तिची आज्ञावली सर्वांना खुली असून वेगवेगळ्या केंद्रांतील सदस्यांना परस्परांचे संदेश मिळविता येत. तिच्यातूनच २०१० मध्ये ओस्टेटस हा प्रोटोकॉल पुढे आला. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी लोकवर्गणीतून सु. दोन लाख डॉलर जमवून डायस्पोरा हा प्रकल्प हाती घेतला. पण त्याचे संकेत वेगळे होते. परिणामी विकेंद्रित माध्यमांतही परस्परांची भाषा न समजणारे गट निर्माण झाले.

ही अडचण दूर करण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानके ठरविणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये एक कार्यगट नेमला. त्याच्या कार्यातून एकच नव्हे, तर अनेक शिफारशी निर्माण झाल्या. त्यांपैकी ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल २३ जानेवारी २०१८ रोजी मान्य झाला. क्रिस्टीन लेमर-वेबर व जेसिका टॅलन या त्याच्या संपादक होत. जर्मनीतील ऑयगन रोच्को यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅस्टोडॉन या आज्ञावलीने सप्टेंबर २०१७ मध्येच त्याचा स्वीकार केला होता. पुढे चित्रफितींसाठी पीअरट्यूब, छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड, चर्चांसाठी लेमी अशा भिन्न स्वरूपाच्या सेवांनीही तो अंगीकारला. या समूहास फेडिव्हर्स हे नाव रूढ झाले.

कार्यपद्धती : ॲक्टिव्हिटीपबमध्ये प्रत्येक सदस्यास एक आवक-पेटी व एक जावक-पेटी असते. ‘क’ या केंद्रावरील सदस्यास ‘ख’ या केंद्रावरील लेखिकेचे लेखन नियमित हवे आहे, असे समजू. लेखिकेच्या पत्त्यात तिचे नाव व तिच्या केंद्राचे नाव अशी दोन्ही असतात. ‘क’ केंद्र प्रथम ‘ख’ केंद्राकडे चौकशी करून तिच्या आवक-पेटीचे ठिकाण मिळविते. नंतर ते तिच्या पेटीत अनुसरणाची विनंती टाकते व ‘ख’ केंद्र स्वीकृती कळविते. यापुढे लेखिकेने काही लिहिले की, ‘ख’ केंद्र ते तिच्या अनुयायांच्या केंद्रांकडे पाठविते. लेखन, पसंती, पुनःप्रसारण, निरसन अशा प्रत्येक कृतीस ठरावीक नाव असते. पाठविणारे केंद्र गुप्त किल्लीच्या साहाय्याने संदेशावर अंकीय स्वाक्षरी करते व घेणारे केंद्र जाहीर किल्लीने ती पडताळून पाहते. मजकुराच्या भाषेची नोंद करण्याचीही सोय असल्याने मराठी लेखन मराठी म्हणून ओळखता येते.

या पद्धतीत आज्ञा नसते, विनंती असते. लेखिकेने आपला मजकूर काढून टाकल्यास ‘ख’ केंद्र तसे इतरांस कळविते. पण त्यांनी आपल्याकडील प्रत नष्ट केलीच, याची खात्री प्रोटोकॉल देऊ शकत नाही. निवडक व्यक्तींना पाठविलेला मजकूरही सामान्यतः दोन्ही बाजूंच्या केंद्रचालकांस वाचता येतो.

प्रसार व मर्यादा : नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलाचे ट्विटरवरील खाते बंद झाल्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले, मात्र तो ओघ फार काळ टिकला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यानंतर जगभरातून मोठे स्थलांतर झाले आणि मॅस्टोडॉनच्या मासिक सक्रिय सदस्यांची संख्या वीस लाखांवर गेली. हा भार स्वयंसेवकांनी वर्गणीतून चालविलेल्या कित्येक लहान केंद्रांवर पडला.

मध्यवर्ती सत्ता नसल्याने कोणास जाळ्यात घ्यावे, हे प्रत्येक केंद्र स्वतः ठरविते. २०१९ मध्ये गॅब या वादग्रस्त माध्यमाने मॅस्टोडॉनची आज्ञावली स्वीकारली. खुली आज्ञावली वापरण्यास त्यास मज्जाव करता आला नाही. परंतु अनेक केंद्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. मेटा कंपनीने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या थ्रेड्स या माध्यमाने डिसेंबर २०२३ पासून ॲक्टिव्हिटीपबची चाचणी आरंभिली, तेव्हा गूगल टॉकच्या अनुभवाचे स्मरण होऊन काही केंद्रांनी आधीच दारे बंद केली, तर इतरांनी या जोडणीचे स्वागत केले.

सर्वांत मोठी उणीव सदस्याच्या ओळखीसंबंधीची आहे. पत्त्यात केंद्राचे नाव असल्याने ओळख त्या केंद्राच्या अस्तित्वाशी बांधली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या देशसंकेतावर नोंदलेल्या एका मॅस्टोडॉन केंद्राचे नाव तालिबान राजवटीतील अधिकाऱ्यांनी निलंबित केले व तेथील सदस्यांचे पत्ते निरुपयोगी झाले. मॅस्टोडॉनमध्ये केंद्र बदलताना अनुयायी नव्या पत्त्यावर नेता येतात, पूर्वीचे लेखन मात्र मागे राहते. शिवाय जुने केंद्र चालू असेल, तरच हे स्थलांतर घडते. ट्विटरने २०१९ मध्ये घोषित केलेल्या व पुढे स्वतंत्र झालेल्या ब्ल्यूस्काय प्रकल्पाच्या एटी प्रोटोकॉलमध्ये ओळख केंद्रापासून वेगळी ठेवली असून सदस्यास लेखनासह अन्यत्र जाता येईल, अशी रचना केली आहे. तथापि आरंभी या ओळखींची मुख्य नोंदवही ब्ल्यूस्काय कंपनीच्याच हाती होती. एका ठिकाणचे केंद्रीकरण टाळताना ते दुसऱ्या ठिकाणी उद्भवते, असे यावरून दिसते.

मुक्त प्रोटोकॉलमुळे केंद्रांना परस्परांशी बोलता येते आणि सदस्यास केंद्र सोडण्याची मोकळीक मिळते. ती कितपत उपयोगी पडते हे मात्र त्यास आपली ओळख, आपले लेखन व आपली माणसे बरोबर नेता येतात किंवा नाही, यावर अवलंबून आहे.