विकणे आहे : चाकांवरचे घर आणि दोन बाजार

तौलनिक साहित्याच्या तासाला जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ राथ' (१९३९) ही कादंबरी घेतली की विद्यार्थी जोड कुटुंबाच्या कथेबरोबर वाहत जातात आणि मधली छोटी प्रकरणे भरभर ओलांडतात. त्यात त्यांचा दोष नाही. परीक्षेत प्रश्न कथानकावरच येतो. पण या मधल्या प्रकरणांपैकी दोन प्रकरणे बाजाराच्या इतिहासाच्या दृष्टीने फार मोलाची आहेत, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. सातव्या प्रकरणात जुन्या मोटारी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचे अंगण आहे. व्यापाऱ्याला नाव नाही, वाक्ये तुटक आहेत, कोण कोणाशी बोलतो आहे हे अवतरणचिन्हांनी कळत नाही. खडखडणाऱ्या गिअरमध्ये लाकडाचा भुसा घालून आवाज दाबला जातो. चांगली बॅटरी काढून तिच्या जागी मेलेली बसविली जाते. नवव्या प्रकरणात उलट चित्र आहे. जमिनीवरून हुसकली गेलेली माणसे नांगर, घोडे, घरातले सामान स्वतः विकायला काढतात आणि घेणारा मातीमोल भाव देतो. वस्तूंबरोबर आपण या माणसांच्या कष्टाची वर्षे आणि मनातली कडवटपणाची रासही उचलतो आहोत, याची घेणाऱ्याला कल्पना नसते. पुढच्याच प्रकरणात जोड कुटुंबाच्या हाती सगळ्या सामानाचे अठरा डॉलर पडतात.

एक दुकानदाराचा बाजार, दुसरा अंगणातला. जुनी वस्तू विकायची तर अमेरिकेत आजही हेच दोन मार्ग आहेत. तेथील एका विशिष्ट वस्तूच्या आधारे या दोन मार्गांचा इतिहास पाहावा, असा येथे विचार आहे. ती वस्तू म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आपल्याकडे ट्रेलर म्हटले की ट्रॅक्टरमागची ट्रॉली किंवा येऊ घातलेला चित्रपट आठवतो. येथे अभिप्रेत आहे ते स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचे, आत बिछाना, चूल आणि पाण्याची टाकी असलेले छोटे घर. ते दरवर्षी काही आठवडे वापरले जाते. उरलेला काळ ते परसात उभे असते, आणि मुले मोठी झाली की त्यावर 'विकणे आहे' अशी पाटी लागते.

या घराचा जन्म मौजेतून झाला. १९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे मोटारीने भटकणाऱ्या हौशी प्रवाशांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना काढली. तंबू, डबाबंद अन्न आणि फोर्ड गाडी एवढाच त्यांचा संसार होता. पुढे डेट्रॉइटचे आर्थर शर्मन या जीवाणुशास्त्रज्ञाने सुट्टीसाठी तंबूचा ट्रेलर विकत घेतला, तो उघडेपर्यंत कुटुंब पावसात भिजले, आणि त्रासून त्यांनी पक्क्या भिंतींची एक पेटीच चाकांवर बसवून घेतली. मुलांनी तिला 'कव्हर्ड वॅगन' म्हटले. १९३० च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात ती मांडली गेली आणि १९३६ पर्यंत त्याच नावाची कंपनी या धंद्यात सर्वांत मोठी झाली. पश्चिमेकडे हॉली बोलस या ग्लायडर बनविणाऱ्या अभियंत्याने १९३४ मध्ये अॅल्युमिनियमचा 'रोड चीफ' घडविला. त्याचा धंदा बुडाला, आणि त्याचेच ट्रेलर विकणाऱ्या वॉली बायम यांनी १९३६ मध्ये दार पुढून बाजूला नेऊन 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला. किंमत १२०० डॉलर. 

रॉजर बॅब्सन या अर्थविषयक भाकितकाराने त्याच सुमारास सांगून टाकले होते की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. तसे काही झाले नाही. पण १९३६ हे साल लक्षात ठेवावयास हवे. ज्या रस्त्यांवरून सुखवस्तू कुटुंबांचे चकचकीत ट्रेलर पश्चिमेकडे चालले होते, त्याच रस्त्यांवरून ओक्लाहोमाचे विस्थापित भुसा भरलेल्या गिअरच्या गाड्या ढकलत होते. चाकांवरचे घर एकाला छंद होते, दुसऱ्याला नाइलाज. हे दोन अर्थ या वस्तूला पुढेही कधी सोडून गेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या गावी कामगारांना ठेवण्यासाठी सरकारने हजारो ट्रेलर घेतले. १९५० च्या दशकात तर धंदाच दुभंगला. एका बाजूला रुंद, एकदा उभे केले की सहसा न हलणारे 'मोबाइल होम' गेले, दुसऱ्या बाजूला सहलीचा ट्रेलर राहिला.

आता प्रश्न जुन्याचा. जुनी मोटार घेणारा निदान किती मैल चालली हे पाहू शकतो. ट्रेलरला तो आकडाच नसतो. इंजिन नाही, म्हणून आवाजही नाही. याचे म्हातारपण पाण्यात असते. छताच्या सांध्यावर भरलेले लुकण सुकते, तडकते, तेथून पाणी आत झिरपते आणि पत्र्याच्या किंवा फायबरच्या कातडीआड लाकडी सांगाडा सडत राहतो. बाहेरून तकाकी कायम. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आत शिरताच कोपऱ्यातली जमीन पायाने दाबून पाहते, बाहेरच्या भिंतीवर तिरपी नजर टाकून कोठे फुगवटा आला आहे का ते शोधते, टायरवर कोरलेल्या अंकांतून तो कोणत्या साली बनला हे वाचते. आपल्या गुरांच्या बाजारात जबडा उघडून बैल आदत, चारदाती की जुळलेला हे पाहतात, त्यातलाच हा प्रकार. दात खोटे बोलत नाहीत असे म्हणतात. हेडी मात्र बोलू शकतो.

मालक ही वस्तू विकायला निघाला की त्याच्यापुढे वाटा फुटतात. व्यापाऱ्याकडे नेली तर तो आज पैसे देतो. पण त्याला ती पुन्हा विकावयाची आहे, त्याचे अंगण, नोकर, दुरुस्ती आणि नफा त्या भावातून वजा होतो. नवा ट्रेलर घेताना जुना देऊन टाकला तर जुन्याचा भाव नव्याच्या किमतीत असा विरघळतो की नेमके काय मिळाले ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तिसरी वाट आपल्या आडतीसारखी आहे. माल मालकाचाच, उभा व्यापाऱ्याच्या अंगणात, आणि विक्री झाल्यावर व्यापारी दलाली कापून घेतो. चौथी वाट अंगणातल्या पाटीची. येथे भाव सर्वांत चांगला मिळू शकतो. मात्र फोन, घासाघीस, अनोळखी माणसे घरी येणे आणि नुसतेच पाहून जाणे, हे सगळे मालकाच्या माथी.

भाव ठरवायचा कशावरून? लॉस एंजेलिसचे मोटारविक्रेते लेस केली यांनी जुन्या गाड्यांच्या भावांची यादी १९२६ पासून 'ब्लू बुक' म्हणून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. म्हणजे बाजाराचे हे मोठे भावपुस्तक विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीतून निघाले. ज्याने लिहिले त्याचा दृष्टिकोन त्यात आला, हे साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको.

कायद्याची भूमिका अधिक गमतीची आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या एकरूप वाणिज्य संहितेच्या दुसऱ्या भागात असे तत्त्व आहे की त्या मालाचा धंदा करणाराने वस्तू विकली तर ती सर्वसाधारण उपयोगास योग्य आहे, ही हमी न बोलताच दिली गेली असे समजावे. घरगुती विकणाऱ्याला ही मूक हमी लागू नाही. त्याने जाणूनबुजून खोटे सांगितले तर गोष्ट वेगळी. पण त्याच संहितेत व्यापाऱ्यालाही खिडकी ठेवली आहे. 'आहे तसे' एवढे दोन शब्द ठळक लिहिले की बहुतेक ठिकाणी ती हमी गळून पडते. संघीय व्यापार आयोगाने १९८४ साली जुन्या मोटारींसाठी नियम करून व्यापाऱ्याने हमी आहे की नाही हे काचेवर चिकटवलेच पाहिजे असे ठरविले. तो नियम इंजिनवर चालणाऱ्या वाहनांना आहे. ट्रेलरला इंजिन नाही. तो बाहेर राहिला.

या कोड्याचा सिद्धान्त मांडला तो जॉर्ज अकरलॉफ यांनी, १९७० मधील 'द मार्केट फॉर लेमन्स' या लेखात. अमेरिकन बोलीत 'लिंबू' म्हणजे आतून बिघडलेली गाडी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरीचा भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, माघारी फिरतो. बाजारात उरलेला माल आणखी वाईट होतो, भाव आणखी उतरतो. शेवटी लिंबेच उरतात. हा लेख तीन नियतकालिकांनी परत केला होता. दोघांना तो क्षुल्लक वाटला. २००१ मध्ये त्या कामाबद्दल अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळाले. प्राध्यापकांनी परत आलेल्या लेखांबद्दल फार खंत करू नये, एवढे मात्र येथे जाता जाता म्हणता येईल.

आपल्याशी त्याचा संबंध थेट आहे. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि या लेखात मोटारींइतकाच भारत आहे. गावचा सावकार बँकेपेक्षा कितीतरी चढे व्याज का घेऊ शकतो, तर कर्ज फेडणारा कोण आणि बुडवणारा कोण हे त्यालाच ठाऊक असते. उद्योग जातिसमूहांच्या जाळ्यातून का चालतात, तर परक्याच्या सचोटीची परीक्षा महाग पडते. आणि तांदूळ निवडणारी गृहिणी : तांदळाच्याच रंगाचे, आकाराचे खडे त्यात मुद्दाम मिसळलेले असतात. आपल्या आयांनी सूप घेऊन दुपारी जे काम केले, ते अर्थशास्त्रात 'असमान माहिती' या नावाने प्रतिष्ठित झाले. एकाही पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर सूप पाहिल्याचे मला आठवत नाही.

अकरलॉफ यांचे उत्तर असे की हमी, नाममुद्रा, परवाने अशा संस्था ही दरी बुजवितात. म्हणजे व्यापारी. तो उद्याही तेथेच असणार आहे, म्हणून आज खोटे बोलणार नाही. स्टाइनबेकचा व्यापारी वाचला की हे उत्तर अपुरे वाटते. त्याचे गिऱ्हाईक एका दिशेने निघालेले आहे, पुन्हा येणार नाही, आणि हे त्याला पक्के माहीत आहे. व्यापाऱ्याची सचोटी त्याच्या दुकानापेक्षा गिऱ्हाइकाच्या परतण्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे.

घरगुती विकणाऱ्याकडे मग काय असते? कथा असते. व्हिन्सेंट मिनेली यांचा 'द लाँग, लाँग ट्रेलर' (१९५४) हा विनोदी चित्रपट येथे आठवतो. धो धो पावसात नायक ट्रेलर पार्कमध्ये येतो. त्याचा छत्तीस फुटी ट्रेलर विक्रीला निघाला आहे, संसारही मोडावयास आला आहे, आणि एका अनोळखी माणसाला तो सगळी हकिगत सांगू लागतो. पत्नीने जागोजागी गोळा केलेले दगड, त्यांच्या वजनाने डोंगरावर आलेली पंचाईत, सर्व काही. विनोद बाजूला ठेवला तर हा घरगुती विक्रीचाच आकृतिबंध आहे. अमुक साली डोंगरात गेलो होतो, तेव्हा छत बदलले. ही चूल आम्ही कधी लावलीच नाही. गिऱ्हाईक या हकिगतीत विसंगती शोधते, आपण आत्मचरित्र वाचताना शोधतो तशीच. व्यापाऱ्याच्या अंगणात पोचलेल्या ट्रेलरला असा निवेदक नसतो. तो धुतलेला, पुसलेला, अनामिक असतो.

निवेदक पुसला गेला की काय होते, याचे एक उदाहरण या इतिहासात आहे आणि ते विनोदी नाही. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स आणि परिसर उद्ध्वस्त झाला. संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे फेमाने, बेघरांसाठी घाईघाईने एक लाखाहून अधिक ट्रेलर आणि मोबाइल होम घेतले. २००६ मध्ये सिएरा क्लब या पर्यावरणवादी संघटनेने काहींची तपासणी केली. स्वस्त लाकडी फळ्यांतील फॉर्माल्डिहाइड हवेत सुटत होता. राहणाऱ्यांना डोळ्यांची आग, खोकला, श्वासाचा त्रास होता. २००८ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने ५१९ घरे तपासून हे मान्य केले. कारखानदार आणि कंत्राटदारांविरुद्धचा सामूहिक दावा २०१२ मध्ये सुमारे ४ कोटी २६ लाख डॉलरांवर मिटला.

पण ट्रेलरचे काय करावयाचे? ते विकले गेले. २०१० च्या आरंभी सरकारने एक लाखाहून अधिक नग लिलावात काढले. सुमारे २७० कोटी डॉलरांना घेतलेल्या मालाचे जेमतेम १३ कोटी आले. प्रत्येकावर 'राहण्यासाठी वापरू नये' अशा अर्थाची चिठ्ठी लावली होती आणि घेणाऱ्याने पुढच्यालाही ते सांगावे, अशी अट होती. ठोक घेणाऱ्यांनी ते किरकोळ व्यापाऱ्यांना विकले, त्यांनी आणखी कोणाला. त्या प्रवासात कोठेतरी चिठ्ठ्या निघाल्या. चार शब्दांचा तो मजकूर. दर विक्रीगणिक त्याला हात लावणारे एक माणूस वाढत होते, आणि तो राखण्यात लाभ कोणाचाच नव्हता.

करोनाच्या काळात या धंद्याला पुन्हा भरती आली. २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक नवी प्रवासी वाहने अमेरिकेत कारखान्यांतून निघाली, २०२३ मध्ये त्याच्या जवळपास निम्मीच. हौसेने घेतलेले अनेक ट्रेलर कर्जाच्या बाकीपेक्षा कमी भावात परसात उभे राहिले.

फेमाच्या ट्रेलरांचा शोध मात्र लवकरच लागला. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला आणि किनाऱ्यावर तेल काढण्यासाठी बाहेरगावचे मजूर येऊ लागले. त्यांना राहावयास जागा नव्हती. त्याच उन्हाळ्यात वार्ताहरांना लुइझियानाच्या किनाऱ्यावर ते मजूर कतरिनाच्या ट्रेलरांत राहताना आढळले. काही ट्रेलर व्यापाऱ्यांकडून भाड्याने आणले होते, काही थेट विकत घेतले होते. आत राहणाऱ्यांपैकी अनेकांना ते पूर्वी कोणाचे होते हे सांगितलेले नव्हते.